कापसाच्या लाइनीत नाकाले बोट

चहा होऊ द्या, सांगतो. पण आधी एक वचन द्या. हसायचं तं माझ्या तोंडावर हसा, मागून नाही. मागून हसून हसून राळेगावचे लोकं आता थकले आहेत. मूर्खपणे मी जन्मात गंज केले, ढिगानं केले, बाप्पा! पण कापूस विकायले आलेल्या शेतकऱ्यायले एका पायावर उभं करणारा मूर्ख या तालुक्यात मी एकटाच. अन् तेही स्वतःच्या रोगाच्या पायी, जो रोग... थांबा, थांबा, एकदमच शेवटाले नाही जात.

मी विलास. राळेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की भरल्या गाडीचं वजन, खाली झाली की रिकाम्या गाडीचं वजन, अन् पावतीवर सही. दिवाळी झाली की सीजन सुरू होते. मंग ट्रॅक्टर, पिकअप, बैलगाड्या, गेटपासून पार डांबरी रोडपर्यंत लाइन. सकाळी आलेल्या माणसाचा नंबर कधी दुपारी लागते, कधी दुसऱ्या दिवशी. तवर तो बिचारा करते काय? गोष्टी करते अन् खर्रा खाते.

खर्रा माहीत आहे ना? पुण्या-मुंबईचं कोणी बसलं असेल तं सांगून ठेवतो. सुपारी, तंबाखू अन् चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा, अन् तळहाताच्या बुडानं दाबून दाबून घोटायचा. टपरीवाला घाईत असते, तो अर्धवट घोटून देते. सुपारी कच्चीच राहते, दातात कडकड करते. म्हणून पुन्हा घोटा लागते. घोटणं ही कला आहे, सगळ्यायले नाही जमत.

मी मात्र सोडला. दोन वर्ष झाले. माझी पोरगी समीक्षा तवा सातवीत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली का आजपासून खर्रा तोंडात टाकणार नाही. अन् टाकला नाही! एक दाणा नाही! पण हाताची कला कुठं जाते? आमचा मुकादम राठोडभाऊ तरीही आपली पुडी माझ्यापुढे ठेवायचा. "विलासभाऊ, तेवढे दोन हात मारून द्या." राठोडभाऊचं पाहून हमाल, हमालाचं पाहून शेतकरी. काट्यावर गाडी चढून राह्यली अन् माझा हात घोटून राह्यला, असं दिवसभर चाले. खायचं नाही, नुसतं घोटायचं. लोकं म्हणत, "भाऊचा संयम पाहा!" मले बी भल्ला अभिमान. असो. हे आपलं असंच सांगितलं, ध्यानात ठेवायची काही गरज नाही.

तर गेल्या सीजनची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. पावतीवर सही करायले पेन उचलला, अन् पेन खाली. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. पाहतो तं उजव्या हाताची करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट, दोघंही झोपलेले! चिमटा काढून पाह्यला, तं तो चिमटा दुसऱ्याच कोणाले बसल्यासारखा वाटला.

"राठोडभाऊ," मी म्हटलं, "माझे दोन बोटं गेले."

"कुठं गेले?"

"अवो, गेले म्हणजे जागेवर आहेत. पण नाहीत."

राठोडभाऊनं माझा हात उलटापालटा करून पाह्यला. "थंडीनं झालं असन. हे घ्या, घोटा थोडं, हात गरम होते."

पटलं मले. घोटलं. हात गरम झाला, पण बोटं काही उठले नाही.

दुपारी डबा खाल्ला अन् मोबाईल उघडला. तिथंच माझी मती फिरली. "बोटाले मुंग्या" एवढंच लिहिलं होतं हो मी! वरच्या वर सांगितलं, जीवनसत्त्व कमी असन. त्याच्याखाली शुगर. मी म्हटलं, एवढ्यावर कसं भागते, अजून खाली पाहू. खाली मणका निघाला. त्याच्या खाली मेंदू. अन् पार बुडाशी एक मज्जातंतूचा रोग. आधी हातातली वस्तू पडते, मंग पाय अडखळते, मंग जीभ जड होते, मंग घास गिळता येत नाही, अन् माणूस मात्र आतून टक्क जागा! पांढरा कोट घातलेला एक जण व्हिडिओत अगदी शांतपणे सांगून राह्यला होता, "सुरुवात अनेकदा एका हातापासून होते." मी माझ्या हाताकडे पाह्यलं. त्याच वेळी हातातून मोबाईल पडला.

झालं! आता अजून काय पुरावा पाह्यजे?

खरं सांगतो, भ्यालो. समीक्षा आता नववीत, तिचं सारं व्हायचं आहे. छायाले, म्हणजे माझ्या बायकोले, मी सोडून या घरात दुसरा आधार नाही. ती भाकर थापत असली का मी दारात उभा राहून पाहू अन् मनात म्हणू, हिले कसं सांगायचं? म्हणून सांगितलंच नाही. कोणालेच नाही.

पण माणसाचा स्वभाव पाहा कसा असते. भीतीच्या मागंमागं मले नवल वाटू लागलं. त्या व्हिडिओत घरच्या घरी करायच्या तपासण्या होत्या. डोळे मिटा अन् बोट नाकाले लावा. मी मिटले, लावलं. बरोबर शेंड्यावर! मी पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. अरे, अंधारात बोटाले नाक सापडते कसं? बेचाळीस वर्ष मी हे नाक घेऊन फिरून राह्यलो, एकदाही मनात आलं नाही का याचा पत्ता बोटाले कोणं दिला! आपल्याच अंगात एवढा कारभार चालू, अन् आपल्याले खबर नाही. मले तं अभ्यासाचा नादच लागला. समीक्षाची एक अर्धी कोरी वही घेतली अन् रोजची नोंद सुरू केली. 'सकाळी: नाक बरोबर. एक पाय: आठ. जीभ: ठीक. बोटं: झोपून.' शाळेत एवढा अभ्यास केला असता तं आज काट्यावर नसतो बसलो.

एका पायावर उभं राहणं मात्र मले जमेच ना. आठ मोजले का भिंत धरा लागे. एक दिवस स्वयंपाकघरात गेलो.

"छाया, जरा एका पायावर उभी राह्य."

"कायले?"

"राह्य तं."

ती राह्यली. मी मोजू लागलो. तिनं त्याच पायावर तव्यावरची भाकर पलटवली. दुसरी थापली. खिडकीतून शेजारच्या बाईले विचारलं का नळ आला का. मी चाळीसपर्यंत मोजलं अन् थकून स्टुलावर बसलो.

"झालं का जी?" ती म्हणे. "का आता दुसऱ्या पायावर राहू? वरण लावायचं आहे."

"तुले पडल्यासारखं नाही होत?"

"मले पडायले टाइम कुठं आहे?"

वहीत मी लिहिलं, 'छाया: चाळीसच्या वर. मी: आठ.' अन् खाली रेघ मारली. माझ्यात अन् निरोग्या माणसात पाचपट फरक!

वहीतून अजून एक गोष्ट दिसून आली. रविवारी बोटं थोडे जागे व्हायचे. सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा झोपी. आता रविवारी वेगळं काय असते? भल्ला विचार केला. रविवारी जिनिंग बंद असते, पण त्याचा बोटाशी काय संबंध? मंग एकदम उजेड पडला. रविवारी मटण असते! औषध मटणातच असन. बुधवारी मटण आणलं. शुक्रवारी आणलं. छाया पाहतच राह्यली. "कोणी पाहुणे येऊन राह्यले का जी?" पाहुणे नाही आले अन् बोटंही नाही उठले. पँटचं बटण तेवढं तुटलं.

चिंता वाढली तसा माझा हात जास्त चालू लागला. घोटताना डोकं शांत राहे. आधी लोकं पुडी आणून देत, आता मीच मागून घेई. "आणा जी, आणा, घोटून देतो." राठोडभाऊ म्हणे, "भाऊ, आज लोणी करून राह्यले का याचं?" मनात एकच प्रश्न फिरे, या हाताले झालं काय? अन् खाली तोच हात घसघस चालू.

मंग एक दिवस वाटलं, आपण बिघडलो हे कोणाच्या मानानं? छाया एकटी काही पुरावा होत नाही, ती बाई लोखंडाची आहे. दहा-वीस माणसं तपासा लागतीन. अन् एवढे माणसं आणायचे कुठून? खिडकीतून बाहेर पाह्यलं. लाइनच उभी होती!

पहिला नंबर गणपतकाकाचा. पासष्टीचा माणूस, डोक्याले गमछा, मागं भरलेली ट्रॉली.

"काका, पावती देतो. पण जरा डोळे मिटा."

"मिटले."

"आता बोट नाकाले लावा."

लावलं. बरोबर शेंड्यावर.

"आता एका पायावर उभे राहा."

काकानं आधी आपल्या पायाकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. "हे बी निघालं का आता?"

मी वहीत लिहून राह्यलो होतो, ऐकलं कोणं? नुसती मान हलवली. काका उभे राह्यले. चारपर्यंत गेलो तं त्यायनं ट्रॉली धरली.

"गुडघा धरते बाप्पा. माझ्या जागी पोराले उभं केलं तं चालते का?"

"नाही काका. ज्याचं त्याचंच पाहा लागते."

काकाचा चेहरा उतरला. मी वहीत 'गणपतकाका: चार' लिहिलं अन् मले, खोटं कायले बोलू, बरं वाटलं. म्हणजे मी एकटाच नाही! त्यायच्यामागं दहा-बारा जण तपासले. कोणी सहा, कोणी पंधरा. एकानंही विचारलं नाही का हे कायले. विचारतीन कसे? दरवर्षी एक नवा नियम येते. एका साली सातबारा, एका साली आधार, मंग अंगठा, मंग मोबाईलवर नोंदणी. अंगठा उमटत नाही म्हणून शेतकऱ्याले वापस लावून देते. नाक-पाय म्हटल्यावर त्यायले त्यात नवल वाटलं नाही.

मी डबा खायले आत गेलो. अर्ध्या तासानं खिडकीत येऊन बसलो अन् बाहेर पाह्यलं. मायबाप!

गेटपासून डांबरी रोडपर्यंत जेवढी लाइन, तेवढे माणसं एका पायावर! कोणी ट्रॅक्टरचं मडगार्ड धरून, कोणी बैलाच्या पाठीवर हात ठेवून. डोळे मिटलेले, बोट नाकाकडे निघालेलं. एकाचं डोळ्यात गेलं, तो चोळत बसला. एक गमछेवाला लाइनीच्या बाजूनं फिरून साऱ्यायले शिकवून राह्यला होता, "डोळे मिटून! मिटून! उघडे दिसले तं बाद करते!" दुसरा म्हणे, "आतापर्यंत कापसाचा ओलावा पाहे, आता माणसाचा तोल पाहून राह्यले. पडला त्याची गाडी वापस." अन् गणपतकाका एका बाजूले मातीत बसून गुडघ्याले तेल लावत होते.

तेवढ्यात माझ्या खिडकीत हात आले. दहा हात. प्रत्येकात एक पुडी.

"भाऊ, घोटा. अन् आमच्याकडे जरा लक्ष असू द्या."

"भाऊ, माझा डावा पाय बरोबर आहे, उजवा नका विचारू."

मी काय केलं असन? समजावून सांगितलं असन? नाही. भेदरलो होतो ना! भेदरलो का माझा हात चालते. बसलो घोटत.

तेवढ्यात शेठ आले. आमचे शेठ म्हणजे तोंडाचे तिखट. गाडीतून उतरले अन् जागीच थांबले. त्यायच्यापुढे शेवंताबाई नावाची एक शेतकरीण आली, पदर खोचून. "शेठ, मी दोन्ही पायावर पास झाली. हे माणसं सारे लटलट कापून राह्यले. माझा नंबर आधी घ्या!"

"कसला पास?" शेठ ओरडले. "राठोड! कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

राठोडभाऊनं माझ्या खिडकीकडे पाह्यलं.

ऑफिसात बोलावलं. मले वाटलं, आज नोकरी गेली. शेठनं टेबलावर हात आपटला. "विलास, ही जिनिंग आहे का सर्कस?"

अन् मले रडूच फुटलं. "शेठ, मले मोठा रोग झाला. मज्जातंतूचा. हातातून पेन पडते. पुढे जीभ जाईन. लोकं किती वेळ उभे राहते, तेच पाहून राह्यलो होतो."

शेठचा हात टेबलावरच राह्यला. मंग हळूच म्हणे, "घरी सांगितलं?"

"नाही."

"डॉक्टरले दाखवलं?"

"मोबाईलवर पाह्यलं."

त्यायनं कपाळाले हात लावला अन् माझ्याच फोनवरून छायाले फोन लावला.

घरी गेलो तं मले वाटलं, आता भांडे आदळतीन. छायानं पाणी आणून दिलं अन् बाजूले बसली. "एवढे दिवस एकटेच घेऊन बसले होते का जी?" म्हणे. समीक्षानं माझा हात आपल्या मांडीवर घेतला अन् करंगळीले टोचलं. "हे लागलं का बाबा?" नाही म्हटलं. "हे?" नाही. तिचे डोळे भरून आले. माझा रोग, माझी वही, माझे आकडे, साऱ्याची मले लाज वाटली. मी या दोघींपासून लपवून ठेवलं, अन् तपासत बसलो शेवंताबाईले!

दुसऱ्या दिवशी यवतमाळची एस.टी. धरली. मी खिडकीजवळ, छाया बाजूले. मी तिले सांगू लागलो, गॅसचं पुस्तक कपाटात वरच्या खणात आहे, विम्याचा कागद समीक्षाच्या जुन्या दप्तरात आहे.

"तुम्ही चूप बसता का खाली उतरू मी?" ती म्हणे. पण माझा हात तिनं यवतमाळ येईपर्यंत सोडला नाही.

दवाखान्यात गर्दी. आमच्यासमोर एक जोडपं होतं. त्या माणसाले खरंच काही तरी मोठं होतं. मान एका बाजूले कललेली, बायको चमच्यानं पाणी पाजून राह्यली होती. पाणी सांडलं का ती पुसे, अन् तो तिच्याकडे पाहून डोळ्यानंच हसे. आम्हाले पाहून ती बाई सरकली. "बसा ना दादा, उभे काहून?" मी बसलो. त्यानंतर मले माझी जीभ तपासावी वाटली नाही.

डॉक्टर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत. छोट्या हातोडीनं गुडघे ठोकले, तळपायावर रेघ ओढली. मी तर न सांगताच डोळे मिटून बोट नाकाले लावलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी सांगते तेव्हा करा."

"सराव आहे मॅडम." मी वही पुढे केली. त्यांनी ती खरंच वाचली, पानं उलटून उलटून.

"रविवारी बरं वाटतं?"

"हो. मटणानं."

"आणि 'गणपतकाका: चार', हे कोण?"

छायानं छताकडे पाह्यलं. मी म्हटलं, "जाऊ द्या मॅडम."

मंग त्यांनी माझा उजवा तळहात उजेडात धरला. करंगळीच्या बाजूनं, मनगटाच्या जरा वर, एका जागी दाबलं, अन् दोन्ही बोटात सण्णकन वीज गेली! "इथं घट्टा पडलाय," त्या म्हणाल्या. "काम काय करता?"

"काट्यावर पावत्या लिहितो."

"सुतारकाम? सायकल खूप चालवता? काही लाटता, घासता?"

"नाही मॅडम."

"तंबाखू, खर्रा?"

माझी छाती फुगली. माझ्याआधी छायाच बोलली. "नाही हो मॅडम! दोन वर्ष झाले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडला त्यायनं."

"उत्तम," त्या म्हणाल्या अन् कॉम्प्युटरकडे वळून काही तरी लिहू लागल्या. खोलीत शांतता. मी वाट पाहू लागलो. आता वळतीन अन् सांगतीन. काय सांगतीन? किती दिवस म्हणतीन? समीक्षाची दहावी तरी पाहाले भेटन का?

घस, घस, घस.

डॉक्टरांचा टाइप करायचा हात थांबला. "हा आवाज कसला?"

मले वाटलं पंख्याचा. मंग पाह्यलं तं छाया माझ्या हाताकडे पाहून राह्यली होती. मीही पाह्यलं. टेबलावर कापसाची एक छोटी पन्नी पडली होती, दवाखान्यातल्या कापसाची. ती माझ्या तळहाताखाली होती, अन् माझा हात तिले घोटून राह्यला होता! कापसाची पार वात झाली होती. मी हात ओढला.

"नका थांबवू," डॉक्टर म्हणाल्या. "करा, करा. मला पाहू द्या."

काय करता? घोटून दाखवलं.

"दिवसातून किती वेळ चालतं हे?"

"सीजनमध्ये... म्हणजे... गेट उघडते तवापासून बंद होईपर्यंत."

"कोणाचा घोटता जी?" छायानं विचारलं. आवाज एकदम हळू. हळू आवाज सगळ्यात वाईट, हे लग्न झालेल्यायले सांगा लागत नाही.

"साऱ्यायचा," मी म्हटलं. "पण खात नाही! एक दाणा नाही!"

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यासाठी त्यांना पाण्याचा ग्लास उचलावा लागला. मंग माझं कोपर धरलं. "कोपर दाराला लागलं की झटका येतो ना? ती ही नस. कोपराच्या मागून खाली येते, मनगटाशी या खाचेतून जाते आणि बरोबर या दोन बोटांत शिरते. तुम्ही दिवसभर याच खाचेवर अंगाचं वजन टाकून घासता. नस दबली, बोटं झोपली. रविवारी जिनिंग बंद, म्हणून रविवारी बरं."

"म्हणजे मटण...?"

"मटणाचा संबंध नाही."

"अन् तो रोग?"

"तुमच्या तपासणीत त्याची काही खूण नाही. आणि तो मोबाईलवर ठरत नसतो. खात्रीसाठी मशीनवर नस पाहून घेऊ."

पाह्यली. हाताले छोटे छोटे झटके, पडद्यावर रेषा. मी भीती विसरून पडद्याकडेच पाहू लागलो. माझ्या अंगातली नस अन् तिची धाव मले दिसून राह्यली होती! कोपरापासून मनगटापर्यंत मस्त पळे अन् त्या घट्ट्याशी येऊन अडखळे. बाकी सगळं ठीक. "घोटणं बंद, हा पट्टा लावा, दीड-दोन महिन्यात बोटं जागी होतील," डॉक्टर म्हणाल्या.

"मॅडम, अन् त्या आठचं काय? मी आठच्या वर उभा राहात नाही."

"चालत जा कामावर. पोट कमी झालं की वीस होतील."

दवाखान्याच्या पायऱ्यावर मी दोन मिनिटं उभाच राह्यलो. जीव वाचला होता माझा! रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचं तोंड गोड दिसून राह्यलं होतं. फक्त छायाचं सोडून. ती बस स्टँड येईपर्यंत दोन पावलं पुढेच चालली.

"शपथेत काय होतं?" गाडीत बसल्यावर तिनं विचारलं.

"तोंडात टाकणार नाही."

"अन् हात?"

"हाताची शपथ नव्हती."

"रोगाची चिंता आली का घोटायचं, घोटलं का रोग वाढायचा, वाढला का अजून घोटायचं! मॅडमनं पाह्यलं नसतं तं घोटत घोटत मरणाची वाट पाहत बसले असते जी तुम्ही!" अन् ती हसू लागली. डोळ्याले पदर लावून हसे, अन् मधीच रडे, अन् पुन्हा हसे. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता दोनदा वळून पाह्यलं.

बोटं जागे झाले. आधी मुंग्या, मंग टोचणं, मंग एक दिवस चहाचा कप हाताले पोळला अन् मी आनंदानं ओरडलो. जिनिंगमध्ये आता राठोडभाऊ आपला आपण घोटते. गणपतकाका सीजनच्या शेवटाले दुसरी गाडी घेऊन आले अन् खिडकीपुढे येऊन उभे राह्यले, एका पायावर. "मोजा!" बावीसपर्यंत गेले. घरी रोज सराव केला म्हणे, गुडघा मोकळा झाला म्हणे. अन् खुशीत त्यायनं खिशातून पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "घ्या भाऊ, तुमच्या हातचा खायची लय इच्छा आहे."

मी दोन्ही हात जोडले. काकाले वाटलं, नमस्कार केला.

नाही हो, नमस्कार कसला! घरचं भ्याव. समीक्षानं नवी शपथ घेऊ दिली नाही. म्हणे, "बाबा, शपथेत तुम्ही फट शोधता." तिनं दुसरा उपाय काढला. आजही संध्याकाळी मी घरात पाय टाकला का ती दारातच उभी राहते अन् म्हणते, हात दाखवा. नाकाले बोट लावायची तपासणी आमच्या घरी अजून रोज चालू आहे. फक्त बोट माझं असते, अन् नाक तिचं.